परदेशी शिक्षण: कॉलेज आधी की व्हिसा आधी?

बहुतेक घरांत परदेशी शिक्षणाचा निर्णय उलट्या क्रमाने होतो. आधी देश ठरतो, कारण बी विंगमधला मुलगा तिथे गेलाय. मग कॉलेज ठरतं, कारण ज्याच्याकडे अर्ज भरायला दिला त्याचं नेमकं त्याच कॉलेजशी टाय-अप असतं. ऑफर लेटर येतं, पेढे वाटून होतात, डिपॉझिट भरलं जातं, आणि मग कोणीतरी विचारतं, 'व्हिसाला काय काय लागतं हो?' तोवर दीड-दोन लाख अडकलेले असतात आणि देश बदलायची सोय उरलेली नसते.

माझं म्हणणं असं आहे की व्हिसाच्या अटी शेवटी नाही, सगळ्यात आधी वाचायच्या. एका वेळी किती पैसे दाखवायचे, ते कोणाच्या खात्यात असावेत, शिकताना किती तास काम करता येईल, डिग्रीनंतर किती महिने राहता येईल, नवरा किंवा बायको सोबत येऊ शकते का, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत हिरवळ असते. घरातल्या माणसांना लागणारी माहिती असते ती व्हिसाच्या पानावर.

कुठल्याही देशाचा विद्यार्थी व्हिसा घ्या, मागच्या शंका तीनच असतात. हा मुलगा खरंच शिकायला येतोय का? खर्च कोण करणार, आणि तो पैसा खरा आहे का? आल्यावर अटींत राहील का? देश बदलला की यातल्या कोणत्या शंकेवर जोर आहे ते बदलतं. ब्रिटन बँकेचे कागद काटेकोर तपासतं. अमेरिका समोर उभं करून तोंडी विचारते. जर्मनी पैसे आधीच बाजूला काढून ठेवायला लावते. हे एकदा लक्षात आलं की त्या लांबलचक याद्यांची भीती निम्म्याने कमी होते.

आधी ब्रिटनचं बघू, कारण एक वर्षाच्या मास्टर्समुळे आपल्याकडून तिकडे बरीच मुलं जातात आणि पैशांच्या नियमात अडकतात. विद्यापीठ 'कॅस' नावाचा क्रमांक देतं, त्यावर व्हिसाचा अर्ज होतो. फीचा जो भाग बाकी असेल तो आणि राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याचा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी. म्हणजे लंडनबाहेरच्या शहरासाठी १०,५३९ पौंड. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि २८ वा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा.

'सलग' म्हणजे खरोखर सलग. समजा वडिलांनी पीएफचे पैसे काढून खात्यात टाकले आणि दिवस मोजायला लागले. विसाव्या दिवशी गृहकर्जाचा हप्ता आपोआप वळता झाला आणि शिल्लक एका दिवसापुरती हजार-दोन हजारांनी कमी पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यात रुपया आणि पौंडाचा भाव रोज हलतो आणि अर्जाच्या दिवशीचा भाव धरला जातो. म्हणून दाखवायच्या रकमेवर थोडी भर ठेवायची आणि त्या खात्याला हप्ते, एसआयपी, सोसायटीचा मेंटेनन्स असं काही जोडलेलं ठेवायचं नाही. त्यासाठी वेगळं खातं उघडलेलं बरं.

खातं कोणाचं चालतं? विद्यार्थ्याचं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं. काका, मामा, आजोबा यांच्या खात्यातले पैसे ब्रिटनला चालत नाहीत, मग मामाने नाशिकचा प्लॉट विकून भाचीसाठी ठेवलेले का असेनात. ते आधी आई-वडिलांच्या किंवा मुलीच्या खात्यात यावे लागतात आणि तिथे २८ दिवस मुरावे लागतात. शेअर आणि म्युच्युअल फंडही चालत नाहीत, विकून रोख करावे लागतात. आई-वडिलांचं खातं असेल तर संमतिपत्र आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. इथे भलतीच गंमत होते. आपल्याकडे बऱ्याच मुलांच्या जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसतं, कारण जन्माची नोंद हॉस्पिटलने केली आणि नाव बारशाला ठेवलं. तो दाखला महापालिकेतून नाव घालून आणायला वेळ जातो, तेव्हा कपाट आजच उघडून बघा.

पैशांखेरीज व्हिसा फी आहेच, २०२५ मध्ये ती ५२४ पौंड होती. शिवाय आरोग्य अधिभार भरावा लागतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळतो, म्हणून अधिभार साधारण दीड वर्षाचा, १,१६४ पौंड होतो. मंजूर दवाखान्यातून क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी लागते, तिचा दाखला सहा महिने चालतो. आणि जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या वर्गात शिकायच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला जाणाऱ्यांना जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. लग्न ठरलेलं असेल तर हा एक नियम बाकी सगळ्या हिशोबांपेक्षा मोठा. शिक्षणानंतर काम शोधायला मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षावर येणार आहेत (पीएचडी सोडून).

अमेरिकेचं गणित वेगळं. तिथलं विद्यापीठ प्रवेशानंतर 'आय-२०' नावाचा प्रवेशाचा कागद पाठवतं. त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो. मग सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, व्हिसा अर्जाची फी १८५ डॉलर आणि मुलाखत. इथे काकाही खर्च उचलू शकतात, फक्त ते का उचलतायत हे पटलं पाहिजे. खात्यात अमुक इतके दिवस पैसे हवेत असा आकडा नाही. पण गेल्या आठवड्यात अचानक पंचवीस लाख आले असतील, तर ते कुठून आले याचं उत्तर तयार हवं.

मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत. ठाण्याहून मध्य रेल्वेने या की वाशी-नेरूळहून हार्बरने, कुर्ल्यालाच उतरायचं आणि पुढे रिक्षा. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे सोबत कोणीतरी असलेलं बरं. मुलाखतीआधी बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रावर द्यावे लागतात, त्याची तारीख वेगळी मिळते. काचेपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटं बोलतो. फाइलीत इतक्या मेहनतीने लावलेले कागद तो बहुतेक वेळा बघतही नाही, आणि याचंच मुलांना वाईट वाटतं.

त्या दोन-तीन मिनिटांमागे त्यांच्या कायद्यातलं २१४(बी) हे कलम असतं. ते असं धरून चालतं की समोरचा माणूस कायमचं राहायलाच आलाय, तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणून 'हेच विद्यापीठ का?' या प्रश्नाला 'ग्लोबल एक्सपोजर, वर्ल्ड क्लास फॅकल्टी' असं पाठ केलेलं उत्तर दिलं की पुढचं ऐकण्यात अधिकाऱ्याला रस उरत नाही. दिवसभरात तेच वाक्य त्याने किती जणांकडून ऐकलेलं असतं. याउलट समजा कोपरखैरणेच्या मुलीने सांगितलं, 'मी बीईला सांडपाणी शुद्धीकरणावर प्रोजेक्ट केला. या विद्यापीठात त्याच विषयाची लॅब आहे. आणखी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, पण तिथला अभ्यासक्रम फक्त थिअरीचा होता. बाबा पहिल्या वर्षाची फी भरतायत, बाकी बँकेचं कर्ज.' इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी हे उत्तर तिचं आहे. मुलाखतीची तयारी करायची ती अशा चार-पाच वाक्यांची, पन्नास प्रश्नांच्या पाठांतराची नाही.

जून २०२५ पासून अमेरिका विद्यार्थी अर्जदारांना सोशल मीडियावरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगते. त्याआधी मे अखेरीस नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच तीनेक आठवडे बंद होतं. ऑगस्टचा प्रवेश असणाऱ्यांचे जीव टांगणीला लागले होते. तारीख मिळेल तेव्हा घ्यावी, शुभ दिवस बघत बसू नये. डिग्रीनंतर तिथे ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं, विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणिताच्या मान्य विषयांना आणखी २४ महिने. अभ्यासक्रम त्या यादीत बसतो का हे प्रवेश घेण्याआधी विचारायचं. नावात 'मॅनेजमेंट' असलेले दोन कोर्स सारखे वाटतात, पण एक यादीत असतो आणि दुसरा नसतो.

जर्मनीची ओढ 'फुकट शिक्षणा'मुळे. अर्धं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. खाजगी विद्यापीठं तर भरपूर घेतात, आणि आपल्याकडच्या जाहिरातींत जास्त करून तीच असतात. फुकटवाल्यांना जाहिरात कशाला करावी लागेल?

राहण्याचा खर्च मात्र आधीच बांधून ठेवावा लागतो. 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, भरायचे. तिथे पोहोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. पैसे तुमचेच असतात, फक्त सरकारने त्यांना कुलूप लावलेलं असतं. आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना 'एपीएस' हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्यात तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का हे तपासलं जातं. त्याची फी १८,००० रुपये. ते मिळायला काही आठवडे जातात, गर्दीच्या काळात त्याहून जास्त, म्हणून विद्यापीठाच्या अर्जाच्याही आधी त्याला हात घालायचा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, डिग्रीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं. इंग्रजीतून मास्टर्स होतं, पण बेकरीत, बँकेत आणि नोकरीच्या मुलाखतीत जर्मन लागते. ठाण्यात बसून जर्मनची निदान ए-२ (सुरुवातीची दुसरी) पातळी करून गेलेली मुलं तिकडे निवांत असतात.

कॅनडाने गेल्या काही वर्षांत दारं बरीच ओढून घेतली. झटपट परवान्याची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवास वेगळा. बनावट ऑफर लेटरवर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण २०२३ मध्ये गाजलं, त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तिथलं इमिग्रेशन खातं प्रत्येक ऑफर लेटर थेट कॉलेजकडून पडताळून घेतं. ऑस्ट्रेलियात व्हिसाची फीच जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि नाकारला तर ती परत मिळत नाही, त्यामुळे 'बघू टाकून अर्ज' हा प्रकार तिथे महागात पडतो.

आता इकडचे कागद. कर्ज काढायचं तर मोठ्या रकमेला सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि ठाणे-नवी मुंबईत तारण म्हणजे राहता फ्लॅट. इथे घोडं अडतं. नवी मुंबईतली बरीच जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, म्हणून फ्लॅट गहाण ठेवताना सिडकोचं ना हरकत पत्र लागतं. गावठाणातल्या किंवा दिवा परिसरातल्या इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसेल, तर घर कितीही मोठं असो, बँक त्याला तारण म्हणून हात लावत नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, आजोबांनंतर वारसांची नावं लागलेली नाहीत, अशाही गोष्टी नेमक्या याच वेळी बाहेर येतात. हे निस्तरायला महिने लागतात, ऑफर लेटर तितके दिवस थांबत नाही. बँकेच्या कायदा सल्लागाराकडून घराचे कागद तपासून घेणं, हे मुलाच्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासइतकंच लवकर सुरू करायचं काम आहे.

आणि हप्त्याचं गणित घरात सगळ्यांसमोर मांडा. समजा ४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, शिक्षण आणि नंतरची मुदत धरून अडीच वर्षं हप्ता नाही. त्या काळातलं व्याजच साडेदहा लाख होतं. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ६८ हजार. तिकडे नोकरी लागली तर हे झेपतं. परत यावं लागलं तर ठाण्यातल्या सुरुवातीच्या पगारात झेपत नाही. म्हणूनच डिग्रीनंतर किती महिने मिळतात हा व्हिसाचा प्रश्न खरं तर कर्जाचा प्रश्न आहे. कर्जाच्या व्याजावर ८०-ई कलमाखाली आठ वर्षं करसवलत मिळते, पण जुन्या करप्रणालीत राहिलात तरच. परदेशी पैसे पाठवताना एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस (पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) लागत नाही, आणि मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर त्यावरही नाही. कापला गेला तरी तो विवरणपत्रात वळता होतो.

कर्जाआधी शिष्यवृत्त्या बघायला हव्यात, आणि आपल्याकडे नेमका याचाच आळस केला जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना मिळते. इतर मागासवर्ग आणि मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. १८९२ पासून चालू असलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटकडून कर्ज-शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे ती फेडायची असते. सरकारी योजनांत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल लागतात, आणि तहसील कार्यालयाची गती तुम्हाला ठाऊक आहेच.

नावाचा घोळ हा खास आपला. राज्य बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दुसऱ्या रकान्यात कोणी फक्त स्वतःचं नाव लिहिलेलं असतं, कोणी वडिलांचंही. विद्यापीठाचा फॉर्म भरताना मूल गुणपत्रिका समोर ठेवतं आणि शेवटचं नाव म्हणून वडिलांचं नाव टाकतं. मग आय-२० किंवा कॅसवर वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. सोपा नियम हा की कुठलाही परदेशी फॉर्म पासपोर्ट समोर ठेवूनच भरायचा, स्पेलिंगसकट. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ती आधी दुरुस्त करायची. ठाणेकरांना त्यासाठी वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

सल्लागारांबद्दल दोन शब्द. 'आमचा सल्ला मोफत' असं म्हणणाऱ्याला विद्यापीठ कमिशन देतं, फीच्या काही टक्के. यात बेकायदा काही नाही आणि त्यातले काही जण मनापासून काम करतात. पण त्याने दाखवलेल्या पाच विद्यापीठांत जर्मनीचं फीविना सरकारी विद्यापीठ नसेल तर त्याचं कारण एवढंच की तिथून त्याला काही मिळत नाही. अर्जाचा लॉगइन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, ईमेल मुलाचाच द्या, आणि 'सबमिट' दाबण्याआधी भरलेला प्रत्येक शब्द वाचा. खाली सही मुलाची असते, त्यामुळे खोटं काही निघालं तर जबाबदारही तोच. 'बँक बॅलन्स आम्ही दाखवतो, थोडं व्याज द्या' असं कोणी म्हणालं की चप्पल घालून बाहेर पडायचं.

एमबीबीएसला बाहेर जाणाऱ्यांचा मामला निराळा, म्हणून थोडक्यात. तिथे व्हिसा सहसा सहज मिळतो, अडचण परत आल्यावर असते. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि जाण्याआधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असायला हवं. यातलं एक कमी पडलं तरी इथे प्रॅक्टिसचा परवाना अडतो.

आणि व्हिसा नाकारला गेला तर? नकाराचं पत्र शांतपणे वाचा, का नाकारला ते त्यातच लिहिलेलं असतं. ब्रिटनचं कारण बहुधा नेमकं असतं, २८ दिवस भरले नाहीत, अमुक कागद नाही, आणि ते भरून काढून पुन्हा अर्ज करता येतो. अमेरिकेचं २१४(बी)चं पत्र साच्यातलं असतं, त्यातून फारसं कळत नाही. तिथे पुन्हा लगेच जाऊन तेच सांगण्यात फक्त फी जाते, काही बदललं असेल तरच जावं. लपवाछपवी मात्र करायची नाही. जवळजवळ प्रत्येक देशाच्या फॉर्ममध्ये 'आधी कधी व्हिसा नाकारला आहे का' हा प्रश्न असतो. खोटं सांगितल्याचं सापडलं तर कॅनडात पाच वर्षं आणि ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत अर्जच नामंजूर होतात. त्या रकान्यात 'हो' लिहायचं, तारीख टाकायची, खाली दोन ओळीत कारण आणि आता काय वेगळं आहे ते लिहायचं, आणि जुन्या नकाराच्या पत्राची प्रत जोडायची.